धावून थांबल्यानंतरचा श्वास



नोकरीच्या आरंभीच्या दिवसांत माझ्या वर्गातील एक मुलगा कवायतीनंतर नेहमी भिंतीला टेकून बसे. तो अंगचोर आहे असे समजून मी त्यास मैदानाच्या आणखी फेऱ्या घालावयास लावी. त्याला दमा आहे, हे त्याच्या आईने शाळेत येऊन सांगितले तेव्हा मला कळले. अशी चूक आपल्या हातून होऊ नये, यास्तव हा पाठ.

दम्यात श्वासनलिका आतून सुजलेल्या व अतिसंवेदनशील असतात. धूळ, धूर, सर्दी, थंड हवा किंवा परिश्रम यांमुळे त्यांचे स्नायू आवळतात, मार्ग अरुंद होतो आणि मुलास धाप लागते.

ही संवेदनशीलता मोजण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. पहिलीत हिस्टामिन वा मेथॅकोलिन या द्रव्याचा तुषार वाढत्या मात्रेने श्वासावाटे देतात. ती डॉक्टरांनीच करावयाची. दुसरीत मूल सहा ते आठ मिनिटे धावते आणि त्यापूर्वी व त्यानंतर पीक फ्लो मीटरमध्ये जोराने फुंकर मारते. धावताना वेगाने आत जाणाऱ्या हवेमुळे नलिकांतील ओलावा उडतो. निरोगी मुलाची धाप थांबल्यावर लवकर निवते. दम्याच्या मुलाची मात्र थांबल्यानंतर पाच-दहा मिनिटे वाढत जाते व फुंकरीचा आकडा उतरतो.

मग सर्वच मुलांची अशी चाचणी घेऊन दमा असलेली मुले निवडावीत काय? न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे सात ते दहा वर्षांच्या दोन हजारांहून अधिक मुलांची हिस्टामिनने तपासणी झाली. तिचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. संवेदनशील श्वासनलिकांच्या कित्येक मुलांना काहीच त्रास नव्हता, तर दमा ठरलेल्या कित्येकांची चाचणी निर्दोष निघाली. तांदूळ चाळून खडे वेगळे करावेत, तशी मुले या चाचणीने वेगळी होत नाहीत. एका दिवसाच्या चाचणीपेक्षा वर्षभर मुलास पाहणाऱ्या शिक्षकाची नजर म्हणूनच मोलाची ठरते.

शिक्षकांनी करावयाच्या गोष्टी:

१. खेळ संपल्यावर दहा मिनिटे मुलांकडे लक्ष ठेवावे. छातीत सूंसूं आवाज, कोरडा खोकला किंवा बोलताना अडखळणे आढळल्यास तारखेसह नोंद करावी.

२. रात्री खोकल्याने झोपमोड होते काय, मळणीच्या वा थंडीच्या दिवसांत त्रास वाढतो काय, हे पालकांना विचारावे.

३. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा ही नोंद दाखवावी. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमाच्या तपासणीत श्वासनलिकांच्या या विकाराचा समावेश आहे. त्रास वारंवार होत असल्यास पथकाची वाट न पाहता मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावयास पालकांना सांगावे.

४. परीक्षा म्हणून मुलास स्वतः धाववू नये.

५. धाप लागल्यास मुलास ताठ बसवून डॉक्टरांनी दिलेला पंप घेऊ द्यावा. बोलता येईनासे झाले किंवा ओठ निळसर दिसले, तर तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दमा आटोक्यात ठेवणारी औषधे आज उपलब्ध आहेत, आणि नीट उपचार मिळालेले मूल इतरांबरोबर धावू शकते. त्यास खेळातून वगळू नये. भिंतीला टेकून बसलेल्या मुलास शिक्षा करण्यापूर्वी त्याच्याजवळ बसावे आणि त्याचा श्वास ऐकावा, एवढीच विनंती.