फडताळातली जाहीर सूचना

नगररचना विभागातल्या बाईंनी नकाशाची सुरळी टेबलावर उलगडली, एका टोकाला पेपरवेट ठेवला आणि बोट टेकवून म्हणाल्या, "काका, ही तुमची सोसायटी. आणि हा विकास आराखड्यातला, म्हणजे डीपीतला, अठरा मीटरचा रस्ता." दोन समांतर रेघा आमच्या बी विंगच्या जिन्यातून, पाण्याच्या टाकीवरून आणि सगळ्या पार्किंगमधून सरळ पलीकडे गेल्या होत्या. मी विचारलं, "हरकत कुठे द्यायची?" त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मुदत संपून अकरा दिवस झाले होते.

मी बँकेतून निवृत्त झालेला, सोसायटीचा सेक्रेटरी, रोज दोन वर्तमानपत्रं शब्दकोड्यासकट संपवणारा माणूस. त्यामुळे पहिली प्रतिक्रिया ठरलेली होती: आम्हाला कोणी कळवलंच नाही! बाईंनी शांतपणे सूचनेची तारीख सांगितली. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात कलम 26 आहे. प्रारूप विकास आराखडा तयार झाला की त्याची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत द्यायची आणि हरकती-सूचना मागवायच्या, असं ते सांगतं. आमच्या शहराला त्यासाठी 30 दिवस होते. घरोघर पत्र पाठवायचं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

त्या तारखेचा अंक मला नंतर सापडला, तोही आमच्याच स्वयंपाकघरात. दिवाळीच्या साफसफाईत फडताळात नवे कागद अंथरले होते. पुढे कधीतरी तेलाची बरणी कलंडली, म्हणून डबे खाली काढले, तर डाळीच्या डब्याखाली तीच जाहीर सूचना. तेलाने कागद इतका पारदर्शक झाला होता की ती उलट्या बाजूनेही वाचता येत होती. आणि तेवढ्यावर भागलं नाही. आराखड्याचे नकाशे लोकांना पाहता यावेत म्हणून महापालिकेच्या नाट्यगृहात टांगले होते. त्याच महिन्यात आम्ही तिथे नाटकाला गेलो होतो. मध्यंतरात मी बटाटेवडा खात उभा होतो, तो बहुधा आमच्याच भागाच्या नकाशाकडे पाठ करून. कसलं तरी चित्रप्रदर्शन असावं, असं वाटलं होतं.

आता विचार करतो तेव्हा जाणवतं, महापालिकेच्या बातम्या आमच्यापर्यंत पोहोचत नव्हत्या असं नाही. हळदीकुंकू, रक्तदान, शाडूच्या गणपतीची कार्यशाळा, पुष्पप्रदर्शन, सगळ्याचे फलक चौकात दहा-दहा फुटी लागतात, वर नमस्कार करणाऱ्या चेहऱ्यांची रांग असते. घरावरून जाणारा रस्ता मात्र मुंगीएवढ्या अक्षरांत छापला जातो.

ही सूचना वाचणं हीसुद्धा एक विद्या आहे. त्यात तुमच्या सोसायटीचं नाव कधीच सापडणार नाही. असतो तो सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, आणि गावाचं नाव असतं ते जुनं, महसुली. आपण ज्याला 'नगर' किंवा 'पार्क' म्हणतो, ते सरकारी कागदावर अजूनही पूर्वीचं एखादं 'बुद्रुक' किंवा 'खुर्द' असतं. आमच्या सोसायटीत चाळीस कुटुंबं, पण आपला सर्व्हे नंबर कोणता हे एकालाही पाठ नव्हतं, सेक्रेटरीलाही नाही. मिळकत पत्रिका किंवा सातबारा काढा, तो नंबर मोठ्या अक्षरात लिहा आणि लिफ्टशेजारच्या फलकावर लावा. वर्तमानपत्रातलं जाहीर सूचनांचं पान उघडलं की आधी तो आकडा शोधा. काम दोन मिनिटांचं आहे. नगररचना विभागात शुल्क भरून झोन दाखला आणि आराखड्याचा भाग नकाशा मिळतो. घर विकत घेण्याआधी तर तो काढाच. आम्ही घर घेताना वकिलाने टायटल बघितलं, मी फरशी आणि नळ बघितले, नकाशा कोणीच बघितला नाही.

हरकत कशी लिहावी, हे मला शिकवलं शेजारच्या बंगल्यातल्या आजींनी. त्यांचा नातू नाट्यगृहात मित्राची वाट पाहत थांबला होता, त्याने नकाशाचा फोटो काढून आणला. आजींनी नातवंडाच्या वहीचं पान फाडलं आणि तीन ओळी लिहिल्या: सर्व्हे नंबर अमुक, रस्त्यामुळे राहती घरं जातात, पश्चिमेला नाल्यालगत मोकळी जागा आहे, रस्ता अरुंद करून तिकडे सरकवावा. दोन प्रती. एक आवक-जावकच्या खिडकीत दिली, दुसरीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. त्या तीन ओळींत सगळं होतं: जागा, कारण, पर्याय. 'हा अन्याय आहे' असं एकदाही नव्हतं.

माझा अर्ज टाईप केलेला, साडेचार पानांचा, दोन घटना-दुरुस्त्यांचा उल्लेख असलेला. तो आवक-जावकच्या खिडकीने घेतला, शिक्का मारला आणि त्यावर 'मुदतबाह्य' असा शेरा पडला. नगरसेवकांकडे गेलो तर ते म्हणाले, "तुम्ही आधी का नाही आलात?" हाच प्रश्न त्यांनाही विचारता आला असता, पण गरजवंताने जीभ आवरती घ्यावी.

सुनावणीचं पत्र आजींना आलं. हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले तज्ज्ञ असतात. त्यांच्यापुढे दिवसभर माणसं येत राहतात, एकेकाला जेमतेम काही मिनिटं मिळतात. आजींनी मला सोबत नेलं. "हे आमचे शेजारी, यांना नकाशा समजतो," असं सांगून त्या खुर्चीत बसल्या. मी बोललो ते उसन्या हरकतीवर. रस्ता बारा मीटरचा झाला आणि थोडा सरकला. जिना वाचला, टाकी वाचली, पार्किंगची एक पट्टी गेली. रोज गाडी लावताना ती पट्टी दिसते.

एकगठ्ठा सह्यांचा अर्ज की प्रत्येकाचा वेगळा, असं लोक मला आता विचारतात. मी वेगळे द्यायला सांगतो. एका अर्जावर चाळीस सह्या असल्या तरी सुनावणीची वेळ एकाच अर्जाची मिळण्याची शक्यता असते. आणि हरकतींनी काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांना मुंबईची आठवण करून देतो. तिथला 2034 पर्यंतचा प्रारूप आराखडा 2015 मध्ये चुका आणि ओरड यांमुळे मागे घ्यावा लागला, आणि 2016 मध्ये सुधारून पुन्हा लोकांपुढे ठेवला गेला.

बाकीच्या खिडक्यांचंही थोडं सांगतो. महापालिकेतही महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, पण त्या दिवशी नुसतं जाऊन उभं राहून चालत नाही, अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. पुण्यात 2006-07 पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली कामं सुचवता येतात. पदपथ, दिवे, बाकडी असल्या गोष्टी. अर्ज मागवतात पावसाळ्याच्या सुमारास आणि आपल्याला खड्डा आठवतो मार्चमध्ये, अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर. 2022 पासून बऱ्याच महापालिकांत प्रशासक आले, तेव्हा विचारायला नगरसेवकही उरले नाहीत. त्या काळात क्षेत्रीय कार्यालयाचा सूचनाफलक वाचणारा माणूस गल्लीत असणं किती मोलाचं आहे, ते कळलं. आमच्याकडे आता पाळी लावली आहे. दर सोमवारी एक जण जातो, फलकाचा फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. सुप्रभातच्या फुलांत तो हरवू नये म्हणून सकाळी नऊनंतरच टाकायचा, हा नियम तळमजल्यावरच्या वहिनींनी केला.

या आठवड्यात माझी पाळी होती. फलकावर काही नव्हतं. परत येताना कोपऱ्यावरच्या पिंपळाच्या खोडाला खिळ्याने ठोकलेला कागद दिसला. वृक्ष अधिकाऱ्यांची सूचना: झाड तोडण्याचा अर्ज आला आहे, हरकती सात दिवसांत. 1975 च्या झाडांच्या कायद्यानुसार हा कागद झाडावरच लावतात. झाड पन्नास वर्षांचं असेल तर 2021 च्या दुरुस्तीनंतर ते वारसा वृक्ष ठरतं, म्हणून आधी आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा याचा पार बांधून झालेला होता." वहीचं पान त्यांनीच फाडून दिलं.

मुदत शुक्रवारी संपते. आवक-जावकची खिडकी उद्या सकाळी उघडेल.