परदेशी शिक्षणाची पात्रता व इंग्रजीची कसोटी

धान्याच्या पेठेत जुना दंडक आहे की शंभर पोत्यांच्या मालात चार पोती किडकी निघाली, तर उरलेल्या शहाण्णवांची थोरवी खरेदीदार ऐकून घेत नाही. हा दंडक आम्ही बेळगावच्या पेठेत चाळीस वर्षे पाळला. घरच्या मुलाच्या बाबतीत मात्र विसरलो. आपल्या व्यापारीबंधूंची मुले आता मोठ्या संख्येने परदेशी शिक्षणास निघत आहेत. त्यांना कोणती दोन दारे ओलांडावी लागतात, हे सांगावे म्हणून हा लेख. आम्ही स्वतः मॅट्रिकपुढे गेलो नाही. येथे पांडित्य नाही, ठेच लागल्यावर जमविलेली माहिती आहे.

पहिले दार : पूर्वशिक्षण

आपली पदवी प्रत्येक देशात एकाच तराजूने तोलली जात नाही. तीन वर्षांच्या बी. कॉम. वर ब्रिटनमधील बहुतेक विद्यापीठे पदव्युत्तर प्रवेश देतात, मात्र गुणांची अट घालतात. अमेरिकेत पदवीच चार वर्षांची. त्यामुळे तेथील अनेक विद्यापीठे तीन वर्षांच्या पदवीवर थेट प्रवेश देत नाहीत, काही देतात. जर्मनीत नुसत्या बारावीवर पदवीचा थेट प्रवेश सहसा मिळत नाही. भारतात विद्यापीठाचे एक वर्ष यशस्वी झालेले असावे, किंवा तांत्रिक विषयांसाठी जे. ई. ई. अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असावे, अन्यथा तेथील पूर्वतयारीचा वर्ग करावा लागतो. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ए. पी. एस. ह्या जर्मन कार्यालयाकडून कागदपत्रांच्या तपासणीचा दाखला घ्यावा लागतो. म्हणून देश ठरविण्यापूर्वी पदवी तेथे चालते की नाही, हे पाहावे.

दुसरे दार : भाषा

इंग्रजीच्या परीक्षा अनेक आहेत. आमचा संबंध आला तो आय. ई. एल. टी. एस. शी. श्रवण, वाचन, लेखन व संभाषण अशी तिची चार अंगे असून प्रत्येकास ० ते ९ असे गुण अर्ध्या-अर्ध्या पायरीने मिळतात. चारांची सरासरी जवळच्या अर्ध्या पायरीवर आणली की एकूण गुण होतो. निकाल साधारणपणे दोन वर्षे ग्राह्य असतो. परीक्षेचे दोन प्रकार आहेत. विद्यापीठासाठी ‘अ‍ॅकॅडेमिक’ लागतो; चुकून ‘जनरल’ दिली तर शुल्क वाया जाते.

आमच्या पुतण्याने ही परीक्षा दिली. श्रवणात ७.५, वाचनात ७, संभाषणात ६.५ आणि लेखनात ५.५. सरासरी ६.६२५, म्हणजे एकूण ६.५. “काका, साडेसहा आले, तेवढेच हवे होते,” असे म्हणत तो धावत पेढीवर आला. प्रवेशाचे काम पाहणाऱ्या मध्यस्थाने एवढीच अट सांगितली होती. आम्ही पेढे वाटले. पुढे ब्रिटनमधील त्या विद्यापीठाने कळविले की एकूण ६.५ खरे, परंतु कोणत्याही अंगात ६ पेक्षा कमी चालत नाही. प्रवेश गेला, वर्ष गेले. मुलगा दोन महिने पेढीवर येई, खतावणी उघडून बसे आणि पान उलटीत नसे.

मध्यस्थाला बोल लावणे सोपे होते. परंतु अटींचे पत्र मुलाने आम्हांस आधीच आणून दाखविले होते. हंगामाच्या गर्दीत ‘मध्यस्थ पाहून घेईल’ असे सांगून ते आम्हीच बाजूला सारले. सौद्याची चिठ्ठी वाचल्याशिवाय आम्ही एक पोते हलवीत नाही!

येथे आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. सरकारची अट निराळी, विद्यापीठाची निराळी. ब्रिटनमध्ये पदवी व त्यावरील शिक्षणाच्या परवान्यासाठी भाषेची ‘बी-२’ पातळी, म्हणजे ह्या परीक्षेत प्रत्येक अंगात ५.५, पुरते. विद्यापीठ त्याहून अधिक मागू शकते. पुतण्याचे ५.५ सरकारला चालण्याजोगे होते, विद्यापीठाला नव्हते.

उपाय काय?

लेखनाच्या साठ मिनिटांत दोन उतारे लिहावे लागतात : पहिला किमान १५० शब्दांत आकृती वा तक्त्याचे वर्णन, दुसरा किमान २५० शब्दांचा निबंध. दुसऱ्याचे वजन पहिल्याच्या दुप्पट असते. पुतण्या पहिल्यातच वेळ घालवून दुसरा अर्धवट सोडीत असे. घड्याळ लावून सराव केल्यावर पुढच्या खेपेस लेखनात ६.५ मिळाले आणि वर्षभराने तो गेला. २०२३ पासून भारतात संगणकावरील परीक्षेनंतर साठ दिवसांच्या आत एकच अंग पुन्हा देण्याचीही सोय झाली आहे. मात्र तो निकाल आपले विद्यापीठ मानते काय, हे आधी विचारावे. काही विद्यापीठे बारावीच्या इंग्रजीतील चांगल्या गुणांवर परीक्षेतूनच सूट देतात. कोणत्या मंडळाचे व किती गुण चालतात, हेही त्यांच्याकडूनच लेखी घ्यावे.

तात्पर्य एवढेच : एकूण गुण विचारू नका, प्रत्येक अंगाचा किमान गुण विचारा. मध्यस्थ ठेवावयाचा तर ठेवा. पण विद्यापीठाचे पत्र मुलाला शेजारी बसवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. इंग्रजी अडली तर मुलाकडून अर्थ समजून घ्या. त्यात वडीलकीला उणेपणा येत नाही. आमचे एक वर्ष गेले; वाचकांपैकी कोणाचे न जावो.