जुना लॅपटॉप आणि नवा ‘सुपरमॅन’

प्रश्न : आमच्या जुन्या लॅपटॉपची डिस्क सारखी भरते. मुले पेनड्राइव्हवर सिनेमे आणतात. कोणती मोफत साधने ठेवावीत? आणि २०२५चा ‘सुपरमॅन’ मुलांना दाखवावा का?
– एक पालक, राहुरी (जि. अहिल्यानगर)

उत्तर : तीन साधने पुरतील. ‘विनडिरस्टॅट’ प्रत्येक फाइल रंगीत चौकोनात दाखवते; जितका चौकोन मोठा, तितकी जागा अडलेली. ‘सेव्हन-झिप’ आलेल्या झिप आणि रार फाइली उघडते. ‘व्हीएलसी’वर बहुतेक सिनेमे चालतात, सबटायटल संवादामागून येत असतील तर ‘जी’ दाबत राहा, आधी येत असतील तर ‘एच’. तिन्ही साधने त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या.

पेनड्राइव्हबाबत मात्र सावध राहा. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये फाइलच्या नावाचे शेपूट (एक्स्टेन्शन) दिसेल अशी सोय करा. सिनेमाच्या नावाशेवटी ‘.ईएक्सई’ दिसले, तर ती फाइल उघडू नका. तो सिनेमा नसतो, प्रोग्राम असतो.

आता ‘सुपरमॅन’. दिग्दर्शक जेम्स गनचा हा नायक भर धुमश्चक्रीत एका खारीचा जीव वाचवतो. ताकदवानाने दुबळ्याला जपावे, हे मुलांना त्या एका प्रसंगात कळते. मारामारी भरपूर आहे, म्हणून लहानांसोबत स्वतः बसा. जोडीला श्रेयस तळपदेचा ‘बाजी’ (२०१५) जरूर दाखवा. मराठी मातीतला सुपरहिरो मुलांना माहीत असायलाच हवा. दोन्ही सिनेमे अधिकृत ठिकाणीच पाहा.