थंडीत मुलांना नव्हे, घराला आवरा

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी झाला, नाशिक-नागपूरकडे गारठा वाढला, की लहान मुलांच्या घरात दोन सूचना एका दमात दिल्या जातात: बाहेर जाऊ नका आणि घरात उड्या मारू नका. पहिलीशी माझा वाद नाही; भल्या पहाटे आणि दिवेलागणीनंतर ती रास्तच आहे. वाद दुसरीशी आहे. दोन भावंडांना बंद घरात दिवसभर गप्प बसवायचं तर त्यांच्या हातात मोबाइल द्यावाच लागतो, आणि तो दिला की हालचाल संपते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी, त्यातली निदान ६० मिनिटं चांगला दम लागेल अशी. आणि पडद्यासमोरचा वेळ एका तासाच्या वर जाऊ नये. पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांच्या दमदार खेळाची शिफारस आहे. थंडी पडली म्हणून शरीराची ही गरज कमी होत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की अशा दिवशी मुलांना घरात मनसोक्त खेळू द्यावं आणि आवरायचं ते घराला आवरावं.

यावर घरातल्या वडीलधाऱ्यांचा पहिला आक्षेप असतो की खेळून घाम येईल आणि सर्दी होईल. सर्दी विषाणूंमुळे होते, आणि खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत तीच हवा सगळे श्वासात घेतात तेव्हा ती जास्त पसरते. उलट धावणाऱ्या मुलाचे स्नायू ऊब तयार करतात. लहान मुलांच्या वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ मोठं असल्यामुळे ती मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात. त्यांना तर ही ऊब अधिकच हवी. तरी आजीच्या काळजीत तथ्य आहे, ते सोडू नये: घामाने भिजलेला बनियन अंगावर राहिला तर मूल कुडकुडतं. खेळायच्या आधी स्वेटर उतरवावा, खेळ संपला की अंग पुसून कोरडा बनियन घालावा. एक खिडकी बोटभर उघडी असू द्यावी.

खरी भीती वेगळीच आहे, आणि तिच्याकडे आपलं लक्ष कमी जातं. थंडीत घरात अशा वस्तू येतात ज्या एरवी नसतात. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट जोडला जातो. मुलं खेळतात किंवा झोपतात त्या खोलीत ती नकोच. बादलीत सोडलेला पाणी तापवायचा रॉड तर मला सर्वांत धोकादायक वाटतो. त्यात विजेचा धक्का आहे आणि उकळतं पाणीही. ६० अंश सेल्सिअसचं पाणी काही सेकंदांत लहान मुलाची कातडी खोलवर भाजतं. रॉड चालू असेपर्यंत न्हाणीघराला बाहेरून कडी हवी, बादलीत आधी गार पाणी आणि मग गरम, आणि भरलेली बादली उचलून नेताना मुलं वाटेत नकोत. त्यानंतर कपाटं. उघड्या ड्रॉवरवर पाय देऊन मूल चढलं की कपाट पुढे कलंडतं. अशा अपघातांत मुलं दगावत राहिल्यामुळे अमेरिकेत २०२२ मध्ये ड्रॉवरच्या कपाटांच्या स्थैर्यासाठी कायदा करावा लागला. आपल्याकडे भिंतीला स्क्रूने पट्टी मारून कपाट जखडणं हे सुताराचं थोड्या वेळाचं काम आहे. ते मुलांच्या खेळाआधी व्हायला हवं. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर धावू देऊ नये. पाय गार पडतील, पण खेळताना ते अनवाणीच बरे.

भावंडांचा खेळ म्हटला की वयातलं अंतर आलं. ट्रॅम्पोलिनवरच्या दुखापतींबद्दल अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात की त्या बहुतेक वेळा एकाहून अधिक मुलं एकदम उड्या मारत असताना होतात आणि लागतं ते सर्वांत हलक्याला. आपल्या घरातल्या पलंगालाही हाच नियम लावावा, किंवा गादी सरळ जमिनीवर घालावी आणि एका वेळी एकानेच उडी मारावी. फुगडी मात्र जपून. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला मनगट धरून ओढलं किंवा गरगर फिरवलं तर कोपरातलं हाड सांध्यातून सरकतं. मूल हात हलवायचं थांबवतं, तो पोटाशी धरून बसतं. तो हात घरी ओढून-वळवून बघू नये. डॉक्टर तो सहज बसवतात. थोरल्याला हे नीट समजावून सांगितलं तर तो ऐकतो. लंगडी, बेडूकउड्या, 'शिवाजी म्हणतो', मोज्यांच्या गोळ्याने डबे पाडायची लगोरी हे खेळ दोन्ही वयांना जमतात, आणि कुणाला ओढावं लागत नाही.

जागा कुठे आहे, हा प्रश्न खराच. वन बीएचकेत टीपॉय आणि खुर्च्या भिंतीला सरकवल्या तर लंगडीपुरती जागा निघते. तेवढीच पुरते, कारण इथे वेगापेक्षा उड्या आणि तोल जास्त कामाचे. पसारा होतो. तो मुलांनीच आवरावा, त्यातही हालचाल आहेच. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची तक्रार मात्र झटकून टाकू नये. त्यांच्या डोक्यावर धपधप होत असते. उड्यांसाठी एक वेळ ठरवावी, दुपारच्या झोपेनंतर ते दिवेलागणीपर्यंतची, जमिनीवर सतरंजी आणि तिच्यावर गादी टाकावी, आणि खाली जाऊन ती वेळ त्यांना आधीच सांगून यावी.