३.४ सूचना : कोणती, कोणाला आणि केव्हा?

मागील उपघटकात तुम्ही सहलेखनाचे स्वरूप अभ्यासले. आता त्यातील एक व्यावहारिक प्रश्न पाहू. विकिपीडियावरील लेख अनेकांच्या हातून घडतो. तुम्ही घातलेली भर दुसऱ्या सदस्याने उलटवली आणि ते तुम्हांला कळलेच नाही, तर चर्चेचा मार्गच खुंटतो. याउलट, प्रत्येक लहानसहान बदलाची वर्दी मिळू लागली, तर महत्त्वाची सूचनाही त्या गर्दीत हरवते.

म्हणून तेथे दोन व्यवस्था वेगळ्या ठेवल्या आहेत. लेखांतील बदल निरीक्षणसूचीत दिसतात. ही सूची सदस्य स्वतः तयार करतो व सवडीने पाहतो. चर्चापानावरील संदेश, नामोल्लेख, उलटवलेले संपादन, आभार अशा व्यक्तिगत घडामोडींची सूचना मात्र थेट मिळते. ती संकेतस्थळावर हवी की ईमेलने, हे पसंतीक्रमात प्रकारवार ठरवता येते. ईमेल तत्काळ, दररोज एकत्रित किंवा आठवड्यातून एकदा असा घेता येतो.

या निवडीला एक मर्यादा आहे. स्वतःच्या चर्चापानावरील संदेशाची संकेतस्थळावरील सूचना बंद करता येत नाही. यातून एक तत्त्व लक्षात येते : सहलेखकाला निवांतपणाचा हक्क असला, तरी सहकाऱ्याचे म्हणणे त्याच्यापर्यंत पोहोचलेच पाहिजे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : पाच जणांनी मिळून हस्तलिखित वार्षिकांक सिद्ध करायचा आहे. कोणत्या तीन सूचना तुम्ही अनिवार्य ठेवाल? सकारण लिहा.