दिवा घेताना समोरच्याचे डोळे आठव

चि. समीर,

बोटीचे फोटो पाहिले. वीस फुटी बोट, मागे एक आउटबोर्ड, आणि अ‍ॅनापोलिसहून चेसापीक बेमध्ये मासे धरायला जायचा बेत. मनापासून आनंद झाला. फ्लेअर घ्यावेत की हल्ली मिळतो तो बॅटरीवरचा संकटसूचक दिवा, असं तू विचारलंस. फोनवर दोन वाक्यांत सांगून मोकळं होण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून पत्र लिहितोय.

आधी कायद्याचं उरकतो. तिथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, कोस्ट गार्डच्या नियमाप्रमाणे अशा पाण्यात १६ फूट किंवा त्याहून लांब बोटीवर दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा वापरता येतील अशी संकटाची साधनं लागतात. फ्लेअर घेतलेस तर मुदतीतले किमान तीन हवेत, आणि मुदत बनवल्या तारखेपासून ४२ महिन्यांची असते. दिव्याला मुदत नाही, पण तो फक्त रात्रीसाठी धरला जातो. दिवसासाठी सोबत तीन फूट बाय तीन फुटांचा नारिंगी झेंडा घ्यावा लागतो, त्यावर काळा चौकोन आणि काळा गोल असतो. दिवा घेऊन झेंडा विसरू नकोस.

आता खरं सांगायचं ते. असला दिवा आपण आपल्या हातात धरून, दुकानात किंवा घरात बघून घेतो. केवढा लख्ख आहे, डोळे दिपतात, असं म्हणतो. पण तो तुझ्यासाठी नाहीच. काही मैलांवरच्या एका अनोळखी माणसाच्या डोळ्यांसाठी आहे. त्या जागेवर मी नोकरीतली कितीतरी वर्षं काढली आहेत, म्हणून तिथून काय दिसतं ते सांगतो.

जहाजावर सेकंड मेटचा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, बारा ते चारची. कोळसा भरायला बाल्टिमोरला निघालेलं जहाज मध्यरात्री बेमधून वर सरकत असतं. ब्रिजवर पायलट असतो, सगळे दिवे मालवलेले. समोर दोन्ही काठांवर घरं, धक्के, मोटारींचे हेडलाइट, पुढे बे ब्रिजची दिव्यांची ओळ, आणि वाटेत लुकलुकणारे बॉय. त्या सगळ्या पसाऱ्यात पाण्यालगत एक पांढरा ठिपका उघडमीट करतो. तो तीनदा थोडा, तीनदा लांब, पुन्हा तीनदा थोडा लागतोय, म्हणजे कुणी एसओएस देतंय, हे कळायला त्याच्याकडे थोडा वेळ सलग बघावं लागतं. वॉचवरच्या माणसाला तेवढी सवड कुठली? त्याची नजर रडारवर जाते, पुढच्या बॉयवर जाते, परत येते तोवर लाटेआड ठिपका दिसेनासा झालेला असतो.

हातातला लाल फ्लेअर पेटला की असा घोळ होत नाही. पाण्यावर लाल जाळ दिसला की खलाशाला दुसरं काही सुचतच नाही. पण जहाजांवरचा १५,००० कँडेलाचा हातफ्लेअर जेमतेम मिनिटभर जळतो. तीन फ्लेअर म्हणजे मोजकी मिनिटं, आणि त्याच मिनिटांत कुणीतरी तुझ्या दिशेने बघत असायला हवं. शिवाय जळताना त्यातून तापलेले थेंब गळतात. बाजूला पेट्रोलची टाकी आणि बोटीत दोन लहान मुलं असताना, भेदरलेल्या हातांनी ते पेटवायचं. मुदत संपलेले फ्लेअर कचऱ्यात टाकता येत नाहीत, ही कटकट वेगळीच. दिवा मात्र रात्रभर चालतो, आणि मुलीच्या हातात दिला तरी चालतो.

म्हणून माझं मत असं: दिवा घे, पण दोन रंगांचा घे. कोस्ट गार्डच्या न्यू लंडनच्या संशोधन केंद्राने फ्लेअरला पर्याय शोधताना यावर बराच अभ्यास केला. निळसर हिरवा आणि नारिंगी लाल असे आलटून पालटून लागणारे रंग काठावरच्या दिव्यांच्या गर्दीतून नुसत्या पांढऱ्यापेक्षा चटकन वेगळे काढता येतात. पांढरा एसओएस दिवा स्वस्त आहे, कायद्यालाही चालतो. त्याच्या लेबलवर १६१.०१३ हा नियमाचा आकडा छापलेला असतो. मोकळ्या समुद्रात तोही ठीक. तुझ्या त्या दिव्यांनी भरलेल्या बेमध्ये मला तो पुरेसा वाटत नाही.

आणि तू लिंक पाठवलेला झगझग करणारा स्वस्त स्ट्रोब तर घेऊच नकोस. तिथल्या अंतर्गत पाण्याच्या नियमांत मिनिटाला ५० ते ७० वेळा चमकणारा प्रखर पांढरा दिवा संकटाची खूण मानतात हे खरं, पण बेच्या तोंडाबाहेर आंतरराष्ट्रीय नियम लागू झाले की ती खूण यादीत नाही. लेबलवर मान्यता नसेल तर तपासणीतही तो धरणार नाहीत.

खोक्यावर ‘दहा मैलांवरून दिसतो’ असं लिहिलेलं असेल, त्यावर विसंबू नकोस. पृथ्वी गोल आहे. पाण्यापासून एक मीटरवर धरलेला दिवा दुसऱ्या छोट्या बोटीतल्या माणसाला, त्याचे डोळे दोन मीटरवर असतील तर, फार तर पाच सागरी मैलांवरून दिसेल. पंचवीस मीटर उंच ब्रिजवरून बघणाऱ्याला साडेबारापर्यंत, तेही हवा स्वच्छ असेल तर. म्हणून बोटीत असशील तर दिवा बोटहूकच्या टोकाला घट्ट बांधून वर धर. प्रत्येक फुटाचा उपयोग होतो.

दिव्याआधी रेडिओ, हे मात्र कधी विसरू नकोस. व्हीएचएफचा चॅनेल १६, आणि सेटवर लाल डीएससी बटण असेल तर त्यात तुझा एमएमएसआय नंबर भरून, जीपीएस जोडून ठेव. रेडिओ ऐकून लोक तुझ्याकडे निघतात. अंधारात नेमकी बोट सापडायला दिवा लागतो. तीन फ्लेअरही ठेवच. हेलिकॉप्टरचा किंवा बोटीचा आवाज कानावर आला की तेव्हा एक पेटवायचा, आधी नाही.

सेल नेहमीचे अल्कलाइन घालून वर्षानुवर्षं विसरलास तर ते गळतात आणि आतले पितळी पत्रे हिरवे पडतात. हंगामाच्या सुरुवातीला नवे घाल, झाकणाच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट लाव, आणि तारीख मार्करने दिव्यावरच लिही. चालतो की नाही ते घरात पडदे ओढून बघ. पाण्यावर गंमत म्हणून लावलास तर कुणीतरी जीव धोक्यात घालून तुझ्याकडे येईल, आणि तिथे तो गुन्हाही आहे.

जागा सुकाणूपाशी, हात पोचेल अशी. दोरखंडांच्या ढिगाखाली नको. आणि नेहाला आणि मुलांना डोळे मिटून तो चालू करता यायला हवा, कारण पाण्यात पडणारा माणूस तू असू शकतोस. पुढच्या रविवारी त्यांच्याकडून करून घे.

घेण्याआधी लेबलचा जवळून काढलेला फोटो मला पाठव. नेहाला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मामा