दिल्लीचं रेल्वे संग्रहालय: तिकीट पन्नास रुपयांचं, दिवस कितीचा?

सोमवारी जाऊ नका. दिल्लीच्या चाणक्यपुरीतलं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय सोमवारी बंद असतं. हे कळायला पहिल्या खेपेला मला आणि नवऱ्याला रिक्षाचे जाऊन-येऊन अडीचशे रुपये पडले, वर अर्धी सकाळ गेली. दुसऱ्या खेपेला सासूबाई आणि दोन्ही मुलांसह गेलो, तेव्हा मात्र वहीत एकेक खर्च लिहून ठेवला. सहलीच्या यादीत कुतुबमिनार आणि लाल किल्ल्याच्या खाली कुठेतरी हे संग्रहालय लिहिलेलं असतं आणि वेळ उरला नाही की सगळ्यांत आधी तेच कापलं जातं. तसं होऊ नये म्हणून हा हिशेब.

आधी प्रवेशाचं तिकीट. आम्ही गेलो तेव्हा मंगळवार ते शुक्रवार मोठ्यांना ५० रुपये आणि तीन ते बारा वर्षांच्या मुलांना १० रुपये होते. शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी बरोबर दुप्पट, म्हणजे १०० आणि २०. तिघं मोठे आणि दोन मुलं अशा आमच्या कुटुंबाचे मधल्या वारी १७० रुपये झाले. रविवारी ३४० झाले असते. दर अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री संग्रहालयाच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका. पण मधल्या वारी जा असं मी म्हणते ते वाचणाऱ्या १७० रुपयांसाठी नाही. रविवारी एकेका इंजिनापुढे फोटोसाठी रांग लागते, आणि इंजिन नीट पाहायचं तर त्याच्याभोवती एक फेरी मारावी लागते. ती फेरी गर्दीत मिळत नाही.

पोचण्याचा खर्च तिकिटापेक्षा जास्त आहे आणि तिथेच लोक फसतात. दिल्लीत रिक्षाचं मीटर पहिल्या दीड किलोमीटरला ३० रुपये आणि पुढे किलोमीटरला ११ रुपये असं आहे. नवी दिल्ली किंवा निजामुद्दीन स्टेशनापासून संग्रहालय आठ-दहा किलोमीटर, म्हणजे मीटरने शंभर ते सव्वाशे. स्टेशनाबाहेर कुणी तीनशे सांगितले तर हा हिशेब डोक्यात असू द्या. दुसरा मार्ग मेट्रोचा. नवी दिल्ली स्टेशनावरून पिवळ्या मार्गाने थेट लोककल्याण मार्ग, माणशी तीसेक रुपये, आणि तिथून रिक्षाचे पन्नास-साठ. एकट्या माणसाला मेट्रो नक्की स्वस्त. दोघांना दोन्ही मार्ग जवळपास सारखेच पडतात. पाच जण असतील तर मेट्रोचा फायदा उरत नाही, कारण रिक्षात तिघंच बसतात आणि शेवटच्या टप्प्यालाही दोन रिक्षा कराव्या लागतात. आम्ही ॲपवरून एक मोठी टॅक्सी केली. ती दोन रिक्षांच्या भाड्यातच पडली आणि सासूबाईंचे जिने वाचले. चालकाला नुसतं ‘रेल म्युझियम’ म्हणून भागत नसेल तर ‘शांतिपथ, भूतानच्या वकिलातीजवळ’ असं सांगा.

वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. दहाच्या ठोक्याला दारात उभे राहा. आवार दहा एकरांहून मोठं आहे, बरीचशी इंजिनं उघड्यावर आहेत, आणि एप्रिल ते जून दुपारी बारानंतर त्या लोखंडाजवळ उभं राहवत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा मोसम. पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या बरोबर ठेवा.

आता त्या पन्नास रुपयांत काय मिळतं ते.

या संग्रहालयाची कोनशिला १९७१ साली राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते बसली आणि १९७७ च्या १ फेब्रुवारीला ते लोकांसाठी उघडलं. त्याच सुमाराला देशभरातल्या शेडांमधून वाफेची इंजिनं मोडीत निघायला लागली होती. मायकेल सॅटो नावाच्या इंग्रज रेल्वेप्रेमी माणसाने ठिकठिकाणी हिंडून ही इंजिनं शोधली आणि वाचवण्यासारखी कोणती ते रेल्वेला सांगितलं. भंगारात इंजिनाचा भाव वजनावर होतो. त्या भावात गेलेलं परत येत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी नेणारी साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं आज कुठेच नाहीत. पाहायची म्हटलं तर जगात कुठेही, कितीही पैसे मोजून पाहता येत नाहीत. हे डोक्यात ठेवून आवारात शिरलं की प्रत्येक गंजलेल्या रिव्हेटकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

मी सगळ्यांत आधी ‘खेकडा’ शोधला. माझे वडील इगतपुरीला नोकरीला होते. कसाऱ्याचा घाट चढताना गाडीला मागून जोर देणाऱ्या विजेच्या इंजिनांची नावं ते आम्हाला माणसांची सांगावीत तशी सांगायचे. १९२८ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जीआयपी रेल्वेने थळ (हाच कसाऱ्याचा) आणि बोर घाटांतल्या मालगाड्यांसाठी ही इंजिनं आणली. घाटाचा चढ सदतिसास एक, वळणं अवघड, म्हणून इंजिनाचं अंग सांध्यांनी जोडलेलं: मधे खोली आणि दोन्ही टोकांना लांब नाकं, वळणावर वाकणारी. जगभर या घडणीला ‘मगर’ म्हणतात. आपल्या घाटातल्या माणसांनी मात्र खेकडा म्हटलं, ते उभं असताना निघणाऱ्या विचित्र कण्हण्यामुळे आणि धावताना दांड्यांच्या सूं-सूं आवाजामुळे. चाकांना जोडणाऱ्या त्या दांड्या मुलांना नक्की दाखवा. हे विजेचं इंजिन, तरी मोटारीची ताकद चाकांपर्यंत पोचते ती वाफेच्या इंजिनासारखी दांडीनेच. जवळच ‘सर रॉजर लम्ली’ हे जीआयपीचंच विजेचं प्रवासी इंजिन आहे, मुंबईच्या गव्हर्नराचं नाव मिरवणारं. मुंबई-पुण्याच्या माणसाने या दोघांपुढे तरी घाई करू नये.

मग गॅरट. बंगाल-नागपूर रेल्वेचं ८१५ क्रमांकाचं हे इंजिन १९३० सालचं, वजन सुमारे २३४ टन. त्याचं पूर्ण छायाचित्र घ्यायला खूप मागे जावं लागतं. एवढं मोठं कशाला, हा प्रश्न माझ्या मुलाने विचारला, आणि उत्तर रचनेतच आहे. मालगाडी जड, पण रुळांवर एका जागी फार भार देता येत नाही. म्हणून बॉयलर मधे टांगला आणि त्याच्या पुढे-मागे एकेक आख्खं इंजिन बसवलं. जोर देणारी सोळा चाकं भार वाटून घेतात, आणि दोन्ही टोकं स्वतंत्र वळत असल्याने एवढं लांबलचक धूडही वळण घेतं. बॉयलर चाकांवर बसलेला नसल्यामुळे त्याच्या खाली मोकळी जागा असते, तिथे वाकून पाहा.

गॅरटवरून थेट माथेरानच्या चिमुकल्या इंजिनाकडे जा. रूळ दोन फुटांचे, घाट वीसास एक, वळणांवर वळणं. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान गाडीसाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलने अशी चार इंजिनं बांधली. त्यांतलं एक पुढे इंग्लंडात पोचलं, एक इथे आहे. सासूबाई लहानपणी या इंजिनामागे बसून माथेरानला गेल्या होत्या. त्यांनी बाकावर बसूनच पाहिलं, पण सगळ्यांत जास्त वेळ त्यांनीच पाहिलं.

पतियाळाची एका रुळावरची गाडी हे या संग्रहालयाचं खरं वैशिष्ट्य. १९०७ साली सरहिंद-बस्सी मार्गावर ती सुरू झाली. एकच रूळ, त्यावर जवळपास सगळा भार, आणि तोल राहावा म्हणून बाजूला एक मोठं चाक चक्क रस्त्यावरून चालणारं. एकाच रुळाचा खर्च, रस्ता आधीच तयार, आणि ओढायला संस्थानच्या पदरी असलेली खेचरं, अशी ही काटकसरीची योजना. वाफेची इंजिनंही आली. १९२७ साली ती बंद पडली आणि पस्तीस वर्षं तशीच पडून राहिली. १९६२ साली सॅटो यांनी ती शोधली आणि उत्तर रेल्वेच्या अमृतसरच्या कारखान्यात तिला पुन्हा जिवंत केलं. ती चालवतात तेव्हा बसण्याचं तिकीट वेगळं असतं. फेऱ्या मोजक्या, रोज नाहीत. तेवढ्यासाठी जात असाल तर आधी फोन करून खात्री करा.

निजामाने घेतलेला १९१४ सालचा ‘जॉन मॉरिस’ हा आगीचा बंब, १८६२ चं ‘रामगोटी’ इंजिन, बडोद्याच्या गायकवाडांचा १८८६ चा सलून आणि इंदूरच्या होळकरांचा सलून, यांना ओझरतं पाहिलं तरी चालेल. सलूनचे डबे बहुधा बंदच असतात, काचेला नाक लावून पाहावं लागतं.

वरखर्चाबद्दल स्पष्ट सांगते, कारण घरातली भांडणं इथेच होतात. आवारात फिरवणारी छोटी गाडी आहे, इंजिन चालवण्याचा अनुभव देणारे सिम्युलेटर आहेत, खाण्याची सोय आहे, वस्तूंचं दुकान आहे. प्रत्येकाचे पैसे वेगळे. पाच जणांनी सगळं घेतलं तर प्रवेशाच्या कितीतरी पट जातात. छोटी गाडी मात्र घ्या, आणि ती सकाळीच घ्या. ती आवाराला वेढा घालते, त्यामुळे कुठे काय उभं आहे याचा नकाशा डोक्यात बसतो, शिवाय दुपारची रांग टळते. सिम्युलेटरवर मी एकाच मुलाला बसवलं असतं तरी चाललं असतं. दुसऱ्याला शेजारी उभं राहूनही तितकंच दिसत होतं. दुकानात जाण्याआधी मुलांच्या हातात ठरलेली रक्कम द्या. मोठा कॅमेरा किंवा ट्रायपॉड नेणार असाल तर खिडकीवरच नियम विचारून घ्या. इंजिनांवर चढायला मनाई आहे, आणि ती पाळा. माणसांच्या पायांनी पत्रा दबतो, रंग उडतो, आणि तिथून गंज शिरतो.

या संग्रहालयात जाणारे अनेक जण ‘फेअरी क्वीन’ शोधतात. १८५५ साली लीड्सला बांधलेलं, २६ टनांचं हे इंजिन १९०९ साली निवृत्त झालं, नंतर हावड्याला आणि चंदौसीला शोभेसाठी उभं राहिलं, मग या संग्रहालयात आलं. १९९७ साली दुरुस्त होऊन ते दिल्ली-अलवर मार्गावर पुन्हा धावलं आणि जगातलं सर्वांत जुनं चालू वाफेचं इंजिन म्हणून गिनीज बुकात गेलं. आता त्याचं घर हरियाणातलं रेवाडीचं हेरिटेज शेड आहे. दिल्लीहून ८० किलोमीटर, साध्या डब्याचं तिकीट शंभर रुपयांच्या आत. १८९३ सालच्या त्या शेडमध्ये ‘अकबर’ आणि ‘आझाद’ ही डब्ल्यूपी वर्गाची मोठी इंजिनंही आहेत. चांगला अर्धा दिवस हाताशी असेल तर रेवाडीला जाच. दिल्लीतली बहुतेक इंजिनं थंड आहेत. रेवाडीत एखाद्या इंजिनात आग पेटलेली मिळण्याची शक्यता तरी असते.

मुलं हमखास विचारतात, बाकीची का चालवत नाहीत? इंजिन जिवंत ठेवणं फार महाग असतं. निघण्याच्या कितीतरी तास आधी आग पेटवून बॉयलर हळूहळू तापवावा लागतो, घाई केली तर धातू चिरतो. आतल्या नळ्या झिजतात, त्या बदलाव्या लागतात. बॉयलरची ठरल्या मुदतीने तपासणी झाल्याशिवाय वाफ धरता येत नाही. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, कारखान्यात ओतून घ्यावे लागतात. आणि आगीचा रंग पाहून कोळसा कुठे टाकायचा हे ज्यांच्या हातात बसलं आहे, ती माणसं निवृत्त झाली. हे सगळं आपल्या ५० रुपयांत होणार नाही.

दिल्ली लांब पडत असेल तर घराजवळही सोय आहे. नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय २००२ पासून आहे. बंगाल-नागपूर रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवरची इंजिनं तिथे आहेत आणि गर्दी नसते. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची वारसा-इमारत आतून पाहायला माणशी २०० रुपये पडतात, विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर १००, तेही सोमवार ते शुक्रवार दुपारी तीन ते पाच. चार जणांचे ८०० रुपये होतात, म्हणून लहान मुलं असतील तर मी आधी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र सुचवेन. तिथल्या आवारात आणखी एक खेकडा उभा आहे.

आमच्या दिल्लीच्या दिवसाचा हिशेब वहीतून: प्रवेश १७०, टॅक्सी जाऊन-येऊन ५४०, छोटी गाडी आणि सिम्युलेटर मिळून साडेतीनशेच्या आसपास, खाणं घरून नेलेल्या दशम्या आणि वर चहाचे शंभर. साधारण साडेअकराशे रुपये, पाच माणसं, सकाळी दहा ते दुपारी अडीच. पुढच्या वेळी सिम्युलेटरचं एक तिकीट कमी करीन आणि सासूबाईंसाठी घडीची खुर्ची नेऊ देतात का, हे आधी विचारीन. सावलीतली बाकं माथेरानच्या इंजिनापासून जरा लांब आहेत.